मरोळहून येऊरपर्यंत : एका कार्बन हॅण्डलची गोष्ट

फजरची नमाज आटोपून मशिदीतून बाहेर पडले की मरोळच्या आमच्या गल्लीत सर्वांत आधी भेटतो तो पाववाला. त्याची सायकल काळी, लोखंडी, जुन्या घडणीची. मागच्या कॅरिअरवर निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या पावाच्या लाद्या, हॅण्डलला दोन्ही बाजूंनी पिशव्या. अशी सायकल रिकामी असली तरी वीस किलोच्या आसपास भरते. त्यावर माल लादून तो रोज पहाटे तीन-चार गल्ल्या पालथ्या घालतो. गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी आमच्या थोरल्याने नेमकी त्याच्या शेजारी आपली सायकल उभी केली आणि म्हणाला, "अब्बा, माझी सायकल फार जड आहे."

पाववाला हसला. आम्हीही हसलो. पण थोरला गंभीर होता.

आम्ही घरची चार माणसे : अम्मी, अब्बा, थोरला आणि धाकटी. चौघांनाही सायकलचे वेड आहे. अब्बांची गिअरची जुनी सायकल, अम्मीची पुढे टोपली असलेली, थोरल्याची माउंटन बाइक. धाकटीच्या वाट्याला मात्र थोरल्याची लहानपणची सायकल आली आहे. रविवारी फजरनंतर निघायचे आणि नाश्त्याला परत यायचे, हा आमचा कित्येक वर्षांचा नेम.

थोरल्याची सायकल बारावीनंतर घेतलेली, ३४,००० रुपयांची. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे स्प्रिंगचा फोर्क, डिस्क ब्रेक, वजन १४ किलो. आता तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इमारतीतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन आणि ईदी साठवून त्याने ४१,००० रुपये जमवले होते. त्या पैशांत त्याला सायकलचे भाग बदलायचे होते. कार्बन फायबरचे हॅण्डल, कार्बनची सीटदांडी आणि कार्बनच्या रिंगांची दोन चाके, असा एकूण हिशेब ६२,००० रुपये. उरलेले २१,००० त्याने आमच्याकडे उसने मागितले. हॅण्डल तर त्याने आधीच आणले होते, कुणाकडून तरी वापरलेले, साडेचार हजारांत. गच्चीवर बसून स्वतःच बसवलेही होते.

नाही म्हणणे सोपे होते. पण पैसे त्याच्या मेहनतीचे, आणि खरे सांगायचे तर कार्बन उपयोगी की निरुपयोगी हे आम्हालाही ठाऊक नव्हते. माहीत नसताना नकार देणे बरोबर नव्हे. म्हणून ठरले की पुढचे तीन रविवार मुद्दाम वेगवेगळ्या वाटांवर सायकल चालवायची, स्वतः पाहायचे आणि मग बोलायचे. तोवर उसने पैसे नाहीत आणि नवी खरेदीही नाही.

पहिला रविवार : आरे

मरोळ-मरोशीच्या रस्त्याने जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड ओलांडला की मुंबई एकदम बदलते. हवा गार होते, गवताचा आणि गोठ्यांचा वास येतो. १९४९ साली शहरातले तबेले बाहेर हलवण्यासाठी आरेची दूध वसाहत उभी राहिली. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे रीतसर उद्घाटन झाले. गोठ्यांच्याही आधीपासून इथे वारल्यांचे पाडे आहेत. आजही पहाटे पाड्यावरच्या बाया डोक्यावर भाजी घेऊन गोरेगावच्या बाजाराकडे जाताना दिसतात. मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये रात्रीतून झाडे पडली तो भागही याच वसाहतीतला. बिबट्याचा वावर असल्यामुळे आम्ही नीट उजाडल्याशिवाय आत शिरत नाही आणि चौघे एकत्रच राहतो.

आरेचा रस्ता म्हणजे सायकलची परीक्षाच. काही तुकडा गुळगुळीत सिमेंटचा, काही उखडलेला, मध्येच पेव्हर ब्लॉक, आणि गतिरोधकांची तर गणतीच नाही. थोरल्याचे म्हणणे होते की कार्बनचे हॅण्डल थरथर शोषून घेते, हाताला मुंग्या येत नाहीत.

त्याच्या बोलण्यात तथ्य होते. कार्बन फायबर म्हणजे कार्बनचे अतिशय बारीक धागे, केसापेक्षाही कितीतरी बारीक. ते थरावर थर रचून राळेसारख्या इपॉक्सीमध्ये घट्ट बसवतात. तयार झालेली वस्तू तेवढ्याच आकाराच्या ॲल्युमिनियमहून हलकी असते आणि धाग्याच्या दिशेने तिची ताकद लोखंडालाही मागे टाकते. एडिसनने विजेच्या दिव्यासाठी सुती धागा भाजून कार्बनची तार केली होती, तिथपासून ही कहाणी सुरू होते. पण आजच्या अर्थाने मजबूत धागे निघाले ते १९६०च्या आगेमागे, आणि १९७० नंतर जपानी कारखान्यांनी ते मोठ्या प्रमाणावर बनवले. मरोळमध्ये आमच्या डोक्यावरून दिवसभर विमाने उतरतात. त्यातल्या बोइंग ७८७ या विमानाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग अशा धाग्याच्या मिश्र पदार्थांचा आहे. थोरल्याचा आवडता मुद्दा हाच होता. "एवढं विमान त्यावर उडतं, तर माझं हॅण्डल का नको?"

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्याकडे नव्हते. आम्ही फक्त एक केले. अब्बांनी पिशवीतून काट्याचा पंप काढून त्याच्या टायरची हवा मोजली. ६० पीएसआय. थोरला नेहमी टायर टणक होईपर्यंत हवा भरायचा, कारण टणक टायर जोरात पळतो अशी त्याची समजूत. कार्बन हॅण्डल आणि ६० पीएसआय घेऊन त्याने पेव्हर ब्लॉकचा तुकडा एकदा पार केला. मग हवा ३५ वर आणली आणि तोच तुकडा पुन्हा. परत आला तेव्हा काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "हा फरक हॅण्डलच्या फरकापेक्षा मोठा आहे."

रुंद टायर थोडा मऊ ठेवला की दगडाची धार तो स्वतःच्या पोटात घेतो, चाक उसळत नाही, पकडही वाढते. फार कमी हवा ठेवली तर ट्यूब रिंगेखाली चिमटून पंक्चर होते. म्हणून आपले वजन आणि टायरची रुंदी पाहून मधला आकडा शोधावा लागतो. खर्च मात्र शून्य. कार्बनची दांडी थरथर थोडी कमी करते हे खोटे नाही. तीन-तीन तास सलग खडबडीत वाटेवर असणाऱ्याच्या मनगटाला ते जाणवते. पण टायरमध्ये दगडासारखी हवा भरून वर महागडे हॅण्डल लावणे म्हणजे छत गळत असताना गालिचा बदलण्यासारखे.

दुसरा रविवार : बोरिवली

पुढच्या रविवारी घरच्या सायकली घरीच ठेवल्या. अंधेरीहून लोकलने बोरिवली, पूर्वेला उतरून चालत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दारात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल शहराच्या कुशीत टिकून आहे. मुंबईला पाणी देणारे विहार आणि तुळशी हे तलाव त्याच्याच डोंगरांत आहेत. विहार १८६० सालचा, तुळशी १८७९ चा. पाइपातून घरी येणाऱ्या पाण्याने वुजू करताना हे डोंगर क्वचितच आठवतात.

उद्यानात भाड्याने सायकली मिळतात. साध्या, बिनगिअरच्या, बऱ्याच चढउतारांनी थकलेल्या. थोरल्याने तोंड वाकडे केले. पण आम्हाला हेच हवे होते. दारापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत साधारण सहा-सात किलोमीटरची वाट, शेवटी चांगलाच चढ. जड सायकलवर माणूस किती मागे पडतो ते पाहायचे होते.

घडले भलतेच. मागे पडला थोरला आणि पुढे गेली चौदा वर्षांची धाकटी.

सायकल ताब्यात घेतानाच तिने तिथल्या माणसाला सांगितले होते, "चाचा, सीट थोडी वर करा ना." त्याने पाना लावून सीट चार बोटे उचलून दिली. पायडल खाली असताना तिचा पाय जवळजवळ सरळ होत होता, गुडघ्यात फक्त किंचित बाक. थोरला आहे त्या सीटवर बसून निघाला. गुडघे पोटाशी येत होते, मांड्या भरून येत होत्या. अर्ध्या वाटेत त्यालाही थांबून सीट वर करून घ्यावी लागली, आणि मग तो सुरळीत चढला. जंगलात माकडे, ओढ्याचा आवाज, मधूनच घंटी वाजवत धाकटीचे मागे वळून पाहणे. चढ संपला तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि हसू मावत नव्हते.

कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत, काळ्या पाषाणात कोरलेली. इसवी सनापूर्वीच्या शतकापासून जवळपास हजार वर्षे इथे बौद्ध भिक्खू राहिले. धाकटीला सर्वांत आवडल्या त्या पाण्याच्या पोढ्या. लेण्यालेण्याजवळ खडकात टाकी खोदलेली, छतावरचे पावसाचे पाणी पन्हळीतून त्यात उतरवलेले. डोंगरावर राहायचे तर पाणी खालून वाहून आणायचे की पडेल ते साठवायचे, हा विचार त्यांनी आधी केला आणि छिन्नी नंतर हातात घेतली. अम्मी तिथल्या पायरीवर बसून म्हणाली, "यांनी आधी गरज ओळखली." थोरल्याला टोमणा कळला, पण तो हसला.

घरी परतताना लोकलमध्ये धाकटीने काही मागितले नाही. पण आम्हाला एक गोष्ट दिसली होती. आपल्या मापाच्या सायकलवर ती आज पहिल्यांदाच बसली होती. घरच्या छोट्या सायकलवर तिचे गुडघे हॅण्डलला लागतात आणि ती कधी तक्रार करत नाही, म्हणून आमच्याही लक्षात आले नव्हते.

तिसरा रविवार : मुलुंड आणि येऊर

तिसऱ्या रविवारी दोन तुकड्या झाल्या. अम्मीचे माहेर घाटकोपरला. ती आणि धाकटी मरोळ नाक्यावरून मेट्रोने थेट नानीकडे जाणार, आणि अब्बा व थोरला सायकलने मुलुंडमार्गे येऊरचा डोंगर चढून दुपारपर्यंत तिथे पोहोचणार, असे ठरले.

लिंक रोडने पवई तलावाच्या काठाकाठाने पुढे गेले की लालबहादूर शास्त्री मार्ग लागतो. त्याला सगळे एलबीएसच म्हणतात. भांडुप, मुलुंड, चेक नाका. सकाळी सहाला हा रस्ता माणसात असतो, आठनंतर सायकलवाल्याला त्यावर जागा उरत नाही. तानसाच्या जलवाहिनीच्या कडेने मुलुंडपासून शीवपर्यंत ३९ किलोमीटरची सायकलवाट करण्याची योजना महापालिकेने आखली होती. ती सलग पूर्ण झाली तर पूर्व उपनगरांतल्या मुलांना शाळा-कॉलेजला सायकलने जाता येईल. आमच्या मते ३९ किलोमीटरच्या त्या वाटेने सायकलस्वाराचे जेवढे भले होईल तेवढे कोणत्याही कार्बनने होणार नाही.

मुलुंडच्या पलीकडे ठाणे लागते आणि उपवन तलावावरून येऊरचा घाट सुरू होतो. हेही त्याच राष्ट्रीय उद्यानाचे एक अंग. रविवारी सकाळी इथे सायकलवाल्यांची जत्रा असते. आमचा प्रयोग साधा होता. थोरल्याने ठरावीक खुणेपासून ठरावीक खुणेपर्यंत एकदा पाठीवर एक लिटर पाण्याची भरलेली बाटली घेऊन चढायचे, खाली येऊन दम खायचा आणि पुन्हा बाटलीशिवाय चढायचे. वेळ घड्याळात मोजायची.

हिशेब आधीच करून ठेवला होता. थोरला ७० किलोचा, सायकल १४ किलोची, एकूण ८४. ॲल्युमिनियमचे साधे हॅण्डल ३२० ग्रॅमच्या आसपास, कार्बनचे २२० च्या आसपास. सीटदांडीतही तेवढेच शंभर ग्रॅम वाचणार. चाकांत साधारण तीनशे धरू. म्हणजे ६२,००० रुपयांत वाचणार अर्धा किलो. ८४ किलोंपैकी अर्धा किलो म्हणजे शंभरात एकही पूर्ण भाग नव्हे. पंधरा मिनिटांच्या चढाला त्याने फार तर पाच-सहा सेकंद वाचतात. पाण्याची बाटली त्याच्या दुप्पट, एक किलोची. तिच्यामुळे दहा-अकरा सेकंदांचा फरक पडायला हवा.

प्रत्यक्षात उलटेच झाले. बाटली घेऊन चढलेली पहिली फेरी सतरा सेकंदांनी जलद निघाली. दुसऱ्या वेळी पाय थकले होते आणि वळणावर एक गाडी आडवी आली होती. थोरला हिशेबात पक्का आहे. तो स्वतःच म्हणाला, "म्हणजे वजनाचा फरक आहे, पण माझ्या पायांच्या चढउतारात तो दिसतसुद्धा नाही. शर्यतीत पहिला आणि दुसरा यांच्यात तो दिसेल."

हे बोलून तो खूश होऊन उताराला लागला, आणि तिथे तो आवाज आला.

कट्. मग थोडे थांबून पुन्हा कट्. पुढचा ब्रेक दाबला की हॅण्डलच्या मधोमध, स्टेमजवळ. अब्बा मागून येत होते, त्यांनाही ऐकू आला. त्यांनी त्याला थांबवले आणि उतरून चालायला सांगितले. थोरला वैतागला. महिनाभर आरेत याच हॅण्डलवर फिरलो, काही झाले नाही, बोल्ट ढिला असेल, खिशातल्या ॲलन कीने आवळतो, वगैरे. अब्बांनी एकच विचारले, "आवळून आवाज थांबला, तर काय समजायचं? बरं झालं, की लपलं?"

दोघे सायकली हातात धरून घाट उतरले. खालून तीन चाकी टेम्पो केला, घाटकोपरपर्यंत सहाशे रुपये. थोरला वाटभर गप्प. सहाशे रुपये म्हणजे त्याच्या एका शिकवणीचे निम्मे पैसे.

घाटकोपर

नानीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक सायकलचे दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, बाहेर पाण्याची घमेली, वर टांगलेले टायर. चाचांचे वय सत्तरीच्या पुढे. अम्मीच्या शाळेच्या सायकलचे पंक्चर त्यांनीच काढलेले. आजही वाकडे चाक दोन बोटांच्या मध्ये फिरवून, तारा कमी-जास्त ताणून ते असा आऊट काढतात की पाहत राहावे.

आम्हाला वाटले होते, कार्बन म्हटल्यावर ते हात वर करतील. त्यांनी चष्मा पुसला, स्टेमचे चारही बोल्ट सोडले, हॅण्डल बाहेर काढले आणि उजेडात धरले. जिथे स्टेमचा क्लॅम्प बसतो, बरोबर तिथे नखाएवढी पांढरी रेघ होती. क्लॅम्प बसवल्यावर ती झाकली जात होती. चाचांनी रुपयाच्या नाण्याने दांडीवर टोकत टोकत आवाज ऐकला. इतर ठिकाणी टणटण, रेघेपाशी बोदा. मग दोन्ही हातांनी हलकेच दाबले. आतून तडतड आवाज आला, चुरमुरे चावल्यासारखा.

"बेटा, हे कशाने आवळलंस?"

"ॲलन कीने."

"किती?"

थोरल्याकडे उत्तर नव्हते. घट्ट होईपर्यंत, एवढेच.

चाचांनी दांडीवर बारीक अक्षरांत छापलेला आकडा त्याला वाचायला लावला : ५ एनएम. बोल्ट किती जोराने आवळायचा याचे ते माप. त्यासाठी टॉर्कचा पाना मिळतो, ठरलेला जोर आला की तो टक् करून सांगतो. लोखंड किंवा ॲल्युमिनियम थोडे जास्त आवळले तर सोसते. कार्बनचे धागे लांबीच्या दिशेने वाघ, पण आडवे चिरडले की राळ फुटते आणि थर सुटतात. चाचांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "ॲल्युमिनियम वाकून सांगतं की आता मला सोड. हे सांगत नाही. हे चालतं, चालतं आणि एकदम हातात येतं."

येऊरच्या उतारावर ते हातात आले असते तर काय झाले असते, हे कुणीच बोलले नाही. अम्मीने धाकटीचा हात घट्ट धरला होता. अल्हम्दुलिल्लाह, एवढेच तिच्या तोंडून निघाले.

थोरल्याने मग तोच प्रश्न चाचांना विचारला. विमानाचे काय? चाचा म्हणाले, "विमान उतरलं की त्याला तपासायला माणसं उभी असतात. तुझं हॅण्डल कोण तपासतं? तुझ्या आधी ते कुणी, किती वेळा आपटलं, तुला ठाऊक आहे?"

रेघ आधीच्या मालकाच्या वेळची की आमच्या गच्चीवरच्या आवळण्याची, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. वापरलेल्या कार्बनची हीच अडचण आहे की त्याचा भूतकाळ वरून दिसत नाही.

खरी परीक्षा मात्र पुढे होती. चाचांनी चौदाशे रुपयांचे ॲल्युमिनियमचे हॅण्डल बसवून दिले. थोरला काढलेले हॅण्डल हातात घेऊन उभा होता. चमकदार, काळे, सुंदर. क्लॅम्पखालची रेघ सोडली तर नव्यासारखे. कुणीही तीन-साडेतीन हजार सहज दिले असते, आणि विकत घेणाऱ्याला रेघ दिसली नसती, जशी ती थोरल्यालाही दिसली नव्हती. त्याच्या मनात काय चालले आहे ते आम्हा सगळ्यांना कळत होते. त्याच्या शिकवणीच्या तीन महिन्यांचे ते पैसे होते.

आम्ही काही बोललो नाही. मालात खोट असेल तर ती दाखवूनच माल विकावा, ही शिकवण आमच्या घरात सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. पण ऐकणे वेगळे आणि साडेतीन हजार हातात असताना आठवणे वेगळे. मिनिटभराने थोरला म्हणाला, "चाचा, करवत आहे का?"

चाचांनी दांडी शिकंजात धरली. कार्बनची भुकटी छातीत जाऊ नये म्हणून तिच्यावर ओले फडके टाकले आणि त्याच्या नाकातोंडावर रुमाल बांधायला लावला. थोरल्याने स्वतः करवत चालवली. दोन तुकडे झाल्यावर ते हॅण्डल आता कुणाच्याच सायकलला बसणार नव्हते.

मग कार्बन घ्यावे की नाही?

असल्फा, साकीनाका करत संध्याकाळी आम्ही मेट्रोच्या सावलीतून घरी आलो आणि रात्री जेवताना हिशेब मांडला. वाचकांपैकी कुणाच्या घरी असाच हट्ट चालू असेल तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून तो इथे देतो.

कार्बन वाईट नाही. जो शर्यतीत उतरतो, तासन्‌तास डोंगरवाटांवर असतो, ज्याची सायकल मुळातच हलकी आणि चांगली आहे, ज्याने टायर, ब्रेक आणि बसण्याचे माप आधीच नीट केले आहे, त्याला शेवटचा थोडा फरक कार्बन देते. त्यानेही ते नवे घ्यावे, बिलासह घ्यावे, टॉर्कच्या पान्यानेच आवळावे. सीटदांडी बसवताना ग्रीस न लावता कार्बनसाठीची खरखरीत पेस्ट लावावी, म्हणजे जास्त न आवळताही ती घसरत नाही. जोरात आपटल्यास तो भाग जाणकाराला दाखवावा, शंका राहिली तर टाकून द्यावा.

मुंबईच्या हवेची एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. कार्बन स्वतः गंजत नाही. पण खारट दमट हवेत ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये बसवलेली कार्बनची दांडी अडकून बसू शकते, कारण दोन्हींच्या संगतीत ॲल्युमिनियम झिजते. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ती बाहेर काढून पुसावी. आणि चाके? आपल्या रस्त्यांवर खड्डा चुकत नाही. ॲल्युमिनियमची रिंग खड्ड्यात वाकली तर चाचांसारखा कारागीर दीड-दोनशे रुपयांत बहुतेक वेळा ती सरळ करतो. कार्बनची रिंग तडकली की बहुधा टाकूनच द्यावी लागते.

तेव्हा चौदा किलोच्या साध्या सायकलला अर्ध्या किलोसाठी तिच्या किमतीच्या जवळपास दुप्पट पैसे घालणे आम्हाला पटले नाही. आमच्याकडे याला इसराफ म्हणतात. इसराफ म्हणजे नुसता जास्त खर्च नव्हे. जिथे गरज आहे ती जागा कोरडी ठेवून दुसरीकडे ओतणे, हाही इसराफच. हे आम्ही थोरल्याला ऐकवायच्या आधी त्यानेच धाकटीकडे पाहून विचारले, "तुझ्या मापाची सायकल केवढ्याला येईल गं?"

शेवटी ४१,००० तले पैसे असे गेले. चांगल्या पकडीचे दोन टायर, ब्रेकचे नवे पॅड आणि संपूर्ण सर्व्हिसिंग, स्वतःसाठी डोक्याला नीट बसणारे हेल्मेट. धाकटीसाठी चाचांनी तपासून दिलेली वापरलेली सायकल नऊ हजारांची. त्यातले निम्मे थोरल्याचे, निम्मे आमचे. उरलेले पैसे त्याचे त्याच्याकडे आहेत. पुढच्या वर्षी तो एखाद्या डोंगरी शर्यतीत नाव घालणार आहे. त्यात टिकला तर कार्बनचा विषय पुन्हा निघेल, आणि तेव्हा आम्ही मनापासून विचार करू, इन्शाअल्लाह.

गेल्या रविवारी पुन्हा आरेला गेलो. निघताना पाववाला भेटला. थोरल्याने त्याच्या सायकलचे मागचे टायर बोटाने दाबून पाहिले आणि म्हणाला, "भाई, हवा कमी आहे, एवढ्या वजनाला भरून घ्या." मग स्वतःच पंप काढून भरून दिली. पाववाल्याने त्याच्या हातावर दोन गरम पाव ठेवले. धाकटी तोवर नव्या सायकलवर गल्लीच्या टोकाला पोहोचली होती आणि घंटी वाजवून आम्हाला बोलावत होती.